आखणीची वेळ: कोकणात राहून डोक्याचं काम टिकवायचं कसं

श्रावण लागला की गणपतीच्या शाळेत कामाचा क्रम ठरलेला असतो. मूर्ती साच्यातून काढायच्या, सांधे बुजवायचे, घासायच्या, पांढरा हात द्यायचा, मग अंगाचा रंग, शेला, पितांबर, दागिने. यातल्या बऱ्याच कामांना घरातलं कुणीही हात लावतं. शेजारची पोरं येतात, गप्पा चालतात, गाणी चालू असतात. डोळ्यांची आखणी मात्र हात बसलेला कारागीरच करतो. उजेड चांगला असताना करतो, आणि तेवढ्या वेळात त्याला कुणी हाक मारत नाही.

डोक्याच्या कामाचंही असंच असतं. घराचा नकाशा काढणारे, मुंबई-पुण्याच्या कंपनीसाठी घरून प्रोग्राम लिहिणारे, अनुवादक, डिझायनर, खटल्याचा युक्तिवाद बांधणारे वकील, अभ्यासक्रम आखणारे शिक्षक: सगळ्यांच्या आठ-नऊ तासांत खरी आखणी दोन-तीन तासांची. बाकीचं रंगकाम, म्हणजे मेल, बिलं, फोन, दुरुस्त्या, फायली पाठवणं. कामाच्या ढिगाने माणूस दमतो, पण रात्रीच्या झोपेने तो थकवा उतरतो. आखणीची वेळ रोज रंगकामात जायला लागली की सुचणंच आटतं, आणि ते झोपेने परत येत नाही. म्हणून पुढची सगळी मांडणी त्या दोन-तीन तासांभोवती केली आहे.

आखणी कोणती ते आधी ओळखा

सात दिवस एक साधी वही जवळ ठेवा. सण नसलेला, घरी पाहुणे नसलेला आठवडा निवडा, नाहीतर चित्र खोटं येतं. पानावर चार रकाने पाडा: वेळ, काम, "आ" की "रं", आणि किती वेळा उठावं लागलं. दर तासाला एक ओळ पुरते. सगळं रात्री आठवून लिहायचं ठेवू नका. रात्री आठवतं ते मोठ्या कामाचं; मधे गेलेली वीस-वीस मिनिटं आठवत नाहीत.

"आ" की "रं" ठरवायला एक कसोटी चांगली चालते. काम अर्ध्यावर सोडून दहा मिनिटांनी परत आलात, तर जिथे सोडलं तिथूनच लगेच सुरू करता येतं का? येत असेल तर ते रंगकाम. जिना कुठे घ्यायचा हे ठरवणं आखणी. त्याच जिन्याच्या पायऱ्यांचं माप कोष्टकात भरणं रंगकाम. प्रोग्राममधली चूक कुठे आहे ते शोधणं आखणी. सापडल्यावर तीच दुरुस्ती दहा ठिकाणी करणं रंगकाम.

इथे एक चूक नेहमी होते. मानाचं काम म्हणजे आखणी असं वाटतं. मोठ्या ग्राहकाबरोबरची बैठक महत्त्वाची असते, पण त्या तासात आपण बहुधा आधीच ठरवलेलं सांगत असतो. उलट, नव्या प्रकारच्या कामाचं दरपत्रक किरकोळ वाटतं, पण त्यात सगळं काम मनात एकदा बांधून बघावं लागतं. ते सकाळीच करा.

आठवड्याच्या शेवटी "आ"चे तास मोजा. बहुतेकांचे अपेक्षेपेक्षा फार कमी निघतात. रोजचा एक तास निघाला तर पुढच्या आठवड्यात दीड करा. एकदम चार तासांवर उडी मारू नका, ती पाचव्या दिवशी मोडते. आणि साडेतीन तासांच्या पुढे ताणलेली आखणी दुसऱ्या दिवशी खोडून परत करावी लागते.

दिवस कसा लावायचा

भारताचं घड्याळ ८२.५ अंश रेखांशावर लावलेलं आहे आणि रत्नागिरी ७३.३ अंशांवर. त्यामुळे किनाऱ्यावर वर्षातले बहुतेक दिवस सूर्य माथ्यावर येतो तो साडेबारा वाजून गेल्यावर. जूनच्या सुरुवातीला सहाच्या सुमारास उजाडतं, जानेवारीत सात वाजून जातात. म्हणजे घड्याळात दहा वाजले तरी उन्हाच्या हिशेबाने सकाळ अजून बरीच कोवळी असते. ही कोकणाची मिळकत आहे. ती व्हॉट्सॲपवर घालवू नका.

जमत असेल तर पावणेसात ते सव्वाआठ, मग पंधरा मिनिटं उठून आगरात एक फेरी, आणि साडेआठ ते दहा. दहाला उकड्या तांदळाची पेज घ्या. पोट भरतं आणि डोळ्यांवर झापड येत नाही. ज्यांच्या अंगावर सकाळचा स्वयंपाक आणि मुलांची शाळा आहे, त्यांना ही वेळ मिळत नाही, आणि घरोघरी ती व्यक्ती बहुतेक बाईच असते. तिने पहाटे चारला उठावं हा उपाय नव्हे. आठवड्यातले तीन दिवस सकाळची चूल दुसऱ्या कुणीतरी घ्यायची हे घरात बसून, वारांची नावं घेऊन ठरवा. उरलेल्या दिवशी सगळे बाहेर पडल्यावरचा साडेदहा ते बारा हा पट्टा धरा. पट्टा एकच मिळाला तरी चालेल, वेळ मात्र बदलू नका. ठरल्या वेळी बसायची सवय लागली की सुरुवातीची वीस मिनिटं चाचपडण्यात जात नाहीत.

बसण्याआधी फोन दुसऱ्या खोलीत ठेवा, आवाज बंद करून. "पाचच मिनिटं मेल बघतो" यातला धोका पाच मिनिटांचा नसतो. त्यातला एक अनुत्तरित प्रश्न पुढचा तासभर डोक्यात घोळत राहतो. आणि उठताना काम पूर्ण संपवून उठू नका. पुढची पायरी स्पष्ट दिसते आहे अशा ठिकाणी थांबा आणि ती कागदावर लिहा: "उद्या: जिना पश्चिमेला नेऊन बघणे, पागोळी कुठे पडते ते तपासणे." नुसतं "नकाशा पुढे नेणे" असं लिहिलंत तर सकाळी पुन्हा पहिल्यापासून विचार करावा लागतो.

दुपारी भात-आमटी किंवा माशाच्या कालवणाचं जेवण झाल्यावर दमट हवेत डोकं चालत नाही. त्याच्याशी भांडू नका. वामकुक्षी करा, पण वीस मिनिटांचा गजर लावून. पाऊण तास झाला की झोप खोल जाते आणि उठल्यावर तासभर अंग जड राहतं. दोन ते साडेचार रंगकाम: बिलं, फोन, दुरुस्त्या. शेवटचा चहा चारला. चहातला उत्तेजक अंश निम्मा व्हायला साधारण पाच तास लागतात. सहाचा चहा रात्री अकरालाही अंगात असतो, आणि तो दुसऱ्या दिवशीची आखणी बिघडवतो.

संध्याकाळी चाळीस मिनिटं चाला. पुळण असो, पाखाडी असो, नदीकाठ असो. कानात काही घालू नका, खिशात छोटी वही असू द्या. सकाळी अडलेली गाठ बरेचदा इथे सुटते.

"घरीच आहेस ना?"

शहरातल्या ऑफिसला दार असतं. कोकणातल्या घराला ओटी असते. पेपर वाचायला काका येतात, शेजारीण वाटी घेऊन येते, मासेवालीची हाक येते, वायरमन येतो, कुणाला तरी ऑनलाइन फॉर्म भरून हवा असतो. ही माणसं अडचणीच्या रात्री धावून येणारी आहेत. त्यांना तोडून राखलेली वेळ महागात पडते. म्हणून त्यांना वेळ द्या, फक्त ती तुम्ही ठरवा.

पहिलं म्हणजे बसायची जागा ओटीवरून हलवा. ओटीवर बसलेला माणूस मोकळा असतो असाच तिथला संकेत आहे, मग समोर लॅपटॉप असो वा नसो. मागची पडवी, माडीवरची खोली, माजघराचा कोपरा, काहीही चालेल; बाहेरून दिसता कामा नये.

दुसरं, "मी कामात आहे" असं सांगू नका. ते ऐकणाऱ्याला "नंतर येऊ का?" असं वाटतं, आणि तो अर्ध्या तासाने येतो. वेळ सांगा आणि बोलावणंही करा: "काकू, सकाळी दहापर्यंत माझं ऑफिस असतं. संध्याकाळी साडेपाचला चहालाच या ना." "ऑफिस" हा शब्द मुद्दाम वापरा. घरातल्या कामाला वाडीत कुणी वेळ मानत नाही, ऑफिसच्या वेळेला मानतात. आणि साडेपाचला खरोखर मोकळे राहा. दोनदा बोलावून तुम्ही फोनवरच दिसलात तर लोक पुन्हा सकाळी यायला लागतील, आणि त्यात त्यांची चूक नसेल.

तिसरं, त्या वेळात दाराशी कोण जाणार हे घरात ठरवा, आणि त्या माणसाच्या कामाच्या वेळी तुम्ही दाराशी जा. एकतर्फी सोय महिनाभरही टिकत नाही.

उठायची कारणंही आधीच मोजून ठेवा: कुणाचं आजारपण, पंप किंवा विजेची खरी अडचण, वाडीतलं मयत. मयत झालं की त्या दिवशी काम बंद, यावर विचार करत बसू नका. अशा दिवसांसाठी ग्राहकाला पाठवायचा निरोप तयार असू द्या: "गावात दुःखद घटना झाल्याने आज काम बंद आहे. कच्चा आराखडा गुरुवारऐवजी शुक्रवारी दुपारी चारपर्यंत पाठवतो/पाठवते." कारण एका वाक्यात, नवी वेळ नेमकी.

कामाची आगोट

मिरग लागायच्या आत घरात आगोट भरली जाते: सुकी मासळी, मसाले, लाकूडफाटा, कौलं चाळून घेणं. कामाचीही आगोट भरावी लागते, आणि ती २५ मेपर्यंत पुरी व्हावी. जागेवर जाऊन घ्यायची मापं आणि फोटो, ग्राहकाच्या सह्या, मोठ्या फायलींची देवाणघेवाण, संदर्भाचं सगळं साहित्य लॅपटॉपवर उतरवून घेणं, छपाईचा कागद, लॅपटॉपचा जादा चार्जर. जूनमध्ये झड लागली की यातल्या प्रत्येक गोष्टीला दुप्पट वेळ लागतो. रस्ता खचतो, नेट जातं, दुकानात वस्तू नसते. पावसात कोकण रेल्वेचं वेळापत्रकही वेगळं आणि संथ असतं. मुंबईतल्या बैठकीला आदल्या दिवशी पोचायचा हिशेब ठेवा.

आगोट नीट भरली असेल तर मधला जून ते ऑगस्ट हे वर्षातले सर्वांत चांगले आखणीचे दिवस. ओटीवरची वर्दळ कमी, बाहेर जाण्याचे बेत नाहीत. लांब विचार मागणारं काम, नवं शिकणं, मोठा मसुदा या काळासाठी राखून ठेवा. घरची शेती असेल तर लावणीचे आठ-दहा दिवस आधीच वजा करा. जून आणि जुलैत यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते. होड्या वर ओढलेल्या असतात, जाळी विणली जातात, इंजिनं खोलली जातात. त्यातला एक आठवडा तुम्हीही घ्या: जुन्या फायली लावणं, पुन्हापुन्हा लागणारे नमुने एकदाच नीट बनवणं, सगळ्याच्या प्रती काढणं. महत्त्वाच्या कामाच्या तीन प्रती हव्यात, त्यांतली एक घराबाहेर.

मग गणपती. चतुर्थीच्या आधीचे दहा दिवस आणि तुमच्या घरचं विसर्जन होईपर्यंतचे दिवस कॅलेंडरवर आडवी रेघ मारून टाका. चाकरमानी आलेले असतात, घर भरलेलं असतं, मोबाइलचं नेट तुंबतं. या पट्ट्यात कुणालाही मुदत देऊ नका. शिमग्याची गोष्ट वेगळी: पालखी तुमच्या घरी कोणत्या दिवशी येणार हे गावागणिक बदलतं, म्हणून माघातच गावकारांना विचारून ठेवा. आंब्याची बाग असणाऱ्यांची मार्च ते मे सकाळ झाडाखालीच जाते. त्यांनी तीन तासांचा हट्ट सोडून रोज एक तास धरावा, आणि नवं मोठं काम त्या तीन महिन्यांत घेऊ नये.

मुदत देताना कामाचे दिवस मोजा, रेघा मारलेले दिवस वगळा, आणि जून ते सप्टेंबरमध्ये दर चार दिवसांमागे एक दिवस वाढवा. ही तारीख पहिल्याच दिवशी सांगा. पहिल्या दिवशी सांगितलेला उशीर वेळापत्रक ठरतो. शेवटच्या दिवशी सांगितला की तीच सबब होते.

वीज

इन्व्हर्टरच्या १५० अँपिअर-अवर, १२ व्होल्टच्या बॅटरीत कागदावर १८०० वॉट-अवर असतात. तूट धरून, आणि बॅटरी पार रिकामी करायची नाही हे धरून, साठ टक्के मोजा: १०८०. लॅपटॉप ६०, राउटर आणि फायबरचा डबा १५, एलईडी दिवा १०, जुना पंखा ७५, म्हणजे १६० वॉट. पावणेसात तास. पंखा कमी विजेचा बीएलडीसी, ३० वॉटचा बसवला तर तीच बॅटरी सव्वानऊ तास जाते. एवढा फायदा दुसऱ्या कुठल्याही खर्चात नाही.

हिशेब चुकतो तो भरण्यात. रिकामी बॅटरी भरायला दहा-बारा तास लागतात, आणि झडीच्या दिवसांत वीज मधूनमधून दोन तासच येते. म्हणून पाऊस लागला की टीव्ही आणि जादा दिवे इन्व्हर्टरवरून काढा. लेझर प्रिंटर इन्व्हर्टरवर कधीच लावू नका. कागद तापवताना तो हजार वॉटच्या आसपास ओढतो. डिस्टिल्ड वॉटरची पातळी दोन महिन्यांनी बघा. राउटरला वेगळा छोटा यूपीएस द्या. वीज जाऊन बरेच तास झाले की मोबाइल टॉवरची बॅटरीही संपते. त्यामुळे दोन वेगळ्या कंपन्यांची सिमं ठेवा, आणि दुसऱ्या दिवशीच्या आखणीला लागणारं सगळं आदल्या रात्री उतरवून घ्या. आखणीला नेट लागू नये, हेच उत्तम.

मेअखेरीस आणि परतीच्या पावसात विजा कडाडतात तेव्हा नुसतं बटण बंद करून भागत नाही, प्लग आणि केबल दोन्ही उपसा. घर कातळावर असेल तर अर्थिंग मे महिन्यात, जमीन सर्वांत कोरडी असताना, तपासून घ्या. जांभा वीज नीट जिरवत नाही. तेव्हा चाललं तर बाराही महिने चालेल.

ओल

टेबल नैर्ऋत्येच्या भिंतीला चिकटवू नका, वीतभर अंतर ठेवा. पावसाचा मारा तिकडूनच येतो आणि चिऱ्याची भिंत पाणी धरते. कामाच्या खोलीत कपडे वाळत घालू नका. कॅमेऱ्याची भिंगं, बाहेरची हार्ड डिस्क, चित्रांचा चांगला कागद हवाबंद डब्यात ठेवा. दहा लिटरच्या डब्याला २०० ते २५० ग्रॅम सिलिका जेल आणि आत एक छोटा आर्द्रतामापक. काटा ४० ते ५० टक्क्यांत हवा. साठच्या वर बरेच दिवस राहिला की भिंगाला बुरशी धरते, आणि ती काच खाते. तीसच्या खाली रबर सुकतं. निळे दाणे गुलाबी झाले की ओव्हनमध्ये १२० अंशांवर दोन तास. निळ्या दाण्यांत कोबाल्ट असतं, त्यामुळे ते जेवणाच्या भांड्यात तापवू नका. नारिंगी दाणे मिळाले तर तेच घ्या. डब्यात तांदूळ ठेवायची पद्धत सोडून द्या, ओल फारशी जात नाही आणि पीठ भिंगावर बसतं.

सुचत नसेल तेव्हा

दशावतारी नाटकात संवाद लिहिलेले नसतात. कथानक ठरतं, पात्रं ठरतात, आणि पुढचं रंगमंचावर उभं राहून बोलायचं. हे जमतं, कारण पुराणातल्या कथा, पदं, प्रवेश-निर्गमनाचा साचा हे सगळं आधी अंगात मुरलेलं असतं. कोरं पान समोर घेऊन सुचायची वाट बघणं हा याच्या अगदी उलटा मार्ग. म्हणून अडलात की चौकट लहान करा. "चांगलं मुखपृष्ठ" सुचत नसेल तर दोनच रंग, एकच अक्षरवळण आणि वीस मिनिटं अशी अट घाला, आणि सहा वाईट मुखपृष्ठं काढा. सहाही पुरी करा. पहिली तीन इतरांची बघितलेली निघतात. आपलं काही यायला लागतं ते चौथ्या-पाचव्यापासून.

साठाही भरत राहिला पाहिजे. आठवड्यातून एकदा दोन तास असं काही बघा ज्याचे पैसे मिळणार नाहीत: सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफाची, म्हणजे हाताने रंगवलेल्या पत्त्यांची, १२० गोल पानं, देवळाच्या सभामंडपातले लाकडी खांब, जुन्या घराच्या वाशांचे सांधे. फोटो काढून पुढे जाऊ नका, वहीत हाताने रेखाटा, वाईट आलं तरी. हाताने काढताना सांधा कसा बसतो ते कळतं.

तीन आठवडे झोप लागत नसेल, सकाळी बसल्यावर छातीत धडधडत असेल, आवडीचं कामही नकोसं झालं असेल, तर वेळापत्रक बदलून उपयोग नाही. कामं कमी करा आणि डॉक्टरांना भेटा.

शनिवारी संध्याकाळी वही उघडून पंधरा मिनिटं बसा. या आठवड्यात आखणीचे किती तास झाले, कुठे मोडले, कुणामुळे मोडले, एवढंच बघा. पुढच्या आठवड्यासाठी एकच बदल ठरवा आणि तो घरातल्यांना सांगा. मग सोमवारची पहिली ओळ लिहा, कागद टेबलावर ठेवा आणि वर काहीतरी वजन ठेवा, रात्री वारा सुटतो.